पेचकस चिकटत नाही

मुंजाजी काळदात्याची काळी-पिवळी
येलदरीच्या उतारावर डोळे मिटू लागली,
तेव्हा आत चौदा माणसं होती,
एक नवरीकडची आत्या, आहेराचे दोन पितळी हंडे.
इंजिन चालूच. डिझेलला काय, एकदा पेटलं की पेटलं.
हॉर्न आधी घोगरा, मग मुका.
हेडलाइट पिवळा, मग हळदीच्या पाण्यासारखा,
मग नुसताच काचेचा.
शेवटचे चार किलोमीटर
क्लीनर बाहेर लटकून मोबाईलचा उजेड धरत होता.

सकाळी जिंतुरात, माझ्या टपरीपुढं, ढकलत आणली.
"तिसरी बॅटरी हाय उमाकांत. तिसरी.
सेनगाववाला म्हनतो बॅटरी बाद, हिंगोलीवाला म्हनतो बॅटरी बाद.
काय शनी बसलाय का बॅटऱ्यांवर?"

दुसरी बॅटरी जोडून गाडी मारली, मीटर लावला.
बारा पॉइंट एक.
अकरा नऊ.
अकरा सात.
चढायला पाहिजे होता चौदावर.
म्हणजे एकटी बॅटरी सगळ्यांना वाढत होती,
तिच्या ताटात कुणीच काही टाकत नव्हतं.

पट्टा अंगठ्यानं दाबला. ताठ, नवाच.
अर्थिंगची वायर खरवडली,
टर्मिनलवरचा हिरवा बुरा कढत पाण्यानं धुतला.
अल्टरनेटरच्या जाड वायरला बॅटरीइतकाच दाब:
रस्ता मोकळा आहे, येणारंच कुणी नाही.

"उतरव ना ते आल्टरनेटर," मुंजाजी म्हणाला.
सगळे तेच म्हणतात.

खय्यूम उस्ताद म्हणायचे,
"पैले पूच. बाद में खोल."
त्यांचं पुचणं म्हणजे असं:
इंजिन बंद, चावी ऑन,
आणि पेचकसाचं टोक अल्टरनेटरच्या पाठीला, बेअरिंगपाशी न्यायचं.
आतलं चुंबक जागं असेल
तर लोखंड हातातून ओढ घेतं,
लहान पोर पदर ओढतं तसं.

नेलं.
पेचकस चिकटला नाही.
पुसून पुन्हा नेलं. नाही.

दूध पातेलंभर असू द्या,
चमचाभर विरजण उसनं आणल्याशिवाय दही लागत नाही.
अल्टरनेटरचंही तसंच. पहिला घोट बॅटरीकडून यावा लागतो,
एका बारीक वायरीतून,
आणि ती वायर जाते डॅशबोर्डमधल्या
करंगळीच्या नखाएवढ्या लाल दिव्यातून.

स्टिअरिंगखाली उताणा पडलो.
नाकात बिडीची राख, शेंगदाण्याची टरफलं,
कुण्या बाईच्या बांगडीचा तुकडा.
होल्डर सापडला.
आत कोळ्यानं घर केलेलं.

"मुंजाजी, इथला दिवा?"

तो इंजिनाकडं बघत राहिला.
"मागल्या साली काढला की.
सारखा लाल जळायचा. पुढच्या शिटा इचारायच्या,
डायवर, काही खराबी हाय का?
मग पट्टा टाकला नवा. दिवा तसाच ऱ्हायला."

वर्षभर गाडी
जोराच्या रेसला, लोखंडात उरलेल्या जुन्या ओढीवर
कधी जागी व्हायची, कधी नाही.
तिला कुणी बोलावतच नव्हतं.

उस्तादांनी शेवटच्या दोन वर्षांत
साखर तपासणं सोडलं होतं.
"आकडा देख के भूक मरती," म्हणायचे, आणि गुलाबजाम मागायचे.
जिंतूर तालुक्यातली अर्धी मीटरं त्यांच्या हाताखालून गेलेली.
मी तेव्हा त्यांना काही विचारलं नाही.
का नाही विचारलं, ते अजून शोधतोय.

दिवा दहा रुपयांचा. बसवला.
चावी फिरवली: लाल.
पेचकस नेला. टक्.
मुंजाजीला धरायला दिला, त्यानं तीनदा लावून तीनदा सोडवला.
गाडी मारली: लाल विझला,
मीटर तेरा आठ, चौदा, चौदा पॉइंट दोन.

"किती झाले?"
"दोनशे."
"दहाच्या दिव्याचे?"
"दिव्याचे दहा. विचारायचे एकशे नव्वद."
त्यानं दीडशे दिले, वर एक शिवी, आणि चहा सांगितला.

चहा येईस्तोवर तो आत बसून
चावी फिरवत होता, बंद करत होता,
लाल, काळं, लाल,
आणि रस्त्यावरून कुणी ओरडलं, "सेनगाव हाय का?"
तर त्याला ऐकूच गेलं नाही.